करमुक्त पैजांची कमाई आणि उत्पन्न-संरक्षण विमा
(परदेशस्थ गोमंतकीयांच्या कुटुंबीयांसमोर केलेले भाषण)



पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गोमंतकातील पुष्कळ कुटुंबे इंग्लंडात गेली व स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्तीच झाली, हे आपण जाणताच. तेथील जीवनाशी निगडित असा एक प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. वरकरणी तो चमत्कारिक वाटेल. ज्या माणसाची बरीचशी कमाई घोड्यांच्या शर्यतींवरील किंवा पत्त्यांच्या डावांवरील पैजांतून होते, तो आजारी पडला, तर त्या कमाईची भरपाई विम्यातून मिळेल काय? प्रसिद्धी खात्यातील माणसाने जुगाराचा विषय काढला की उपदेश ऐकावा लागणार, अशी श्रोत्यांना धास्ती असते. तो मी करणार नाही. प्रश्नाचे उत्तर मात्र नकारार्थी आहे आणि त्यामागील कारणे समजून घेण्याजोगी आहेत.

येथे करमुक्त म्हणजे कर चुकविलेली कमाई नव्हे. ब्रिटनमध्ये पैज जिंकणाऱ्यास त्या रकमेवर प्राप्तिकर पडतच नाही. घरी बसून घोड्यांवर पैजा लावणे हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन होते, अशा एका गृहस्थाचा खटला १९२५ साली न्यायमूर्ती रौलट यांच्यापुढे आला. 'ग्रॅहॅम विरुद्ध ग्रीन' ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे. पैजा लावण्याचा परिपाठ कितीही नियमित असला, तरी तो धंदा ठरत नाही. धंदा असतो तो बुकीचा, असा त्या निर्णयाचा आशय. पुढे पैज लावणाऱ्याकडून शेकडा ९ प्रमाणे कपात होत असे, तीही ऑक्टोबर २००१ मध्ये बंद होऊन कराचा भार बुकींच्या नफ्यावर गेला. आपल्या देशात अशा प्राप्तीवर ३० टक्के कर, शिवाय उपकर, आणि खर्चाची वजावट नाही. तेव्हा तेथील माणसाचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे. पण जो धंदाच नव्हे, त्याच्या नफ्यातोट्याची नोंद सरकारदरबारी राहत नाही, आणि घोडे अडते ते नेमके येथेच.

उत्पन्न-संरक्षण विमा म्हणजे काय? आजारामुळे वा अपघातामुळे काम करता येईनासे झाले, की चार, तेरा, सव्वीस किंवा बावन्न आठवडे अशा ठरलेल्या प्रतीक्षाकालानंतर दरमहा मिळणारी रक्कम. ती बहुधा करपूर्व मिळकतीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत असते. मिळकतीचा पुरावा म्हणून नोकरदाराने वेतनचिठ्ठी दाखवावी, स्वतंत्र व्यावसायिकाने करखात्याकडील आकारणीची प्रत. पैजा लावणाऱ्याने काय दाखवावे? बँकेच्या पुस्तकात जमा झालेल्या रकमा दिसतील. परंतु पुढील वर्षी त्या आल्याच असत्या, असे कोणती कंपनी मानील? शिवाय पाय मोडलेला माणूस अंथरुणावर पडल्या पडल्याही पैज लावू शकतो. मग कमाई बुडाली ती आजारामुळे की दैवामुळे, हे ठरवावे कोणी?

विमा आणि जुगार यांची सरमिसळ इंग्लंडने पूर्वी पाहिलेली आहे. अठराव्या शतकात तेथे परक्या माणसांच्या आयुष्यावर विमा उतरवून त्यांच्या मरणावर पैजा लागत. ज्याच्या जीवनात आपला हितसंबंध नाही, त्याचा विमा उतरविण्यास १७७४ च्या कायद्याने बंदी केली. लोक त्यास 'जुगाराचा कायदा' म्हणू लागले.

खरी अडचण अर्धी नोकरी, अर्ध्या पैजा अशा घरात उद्भवते. समजा, वखारीत काम करणाऱ्यास महिना २,००० पौंड करपूर्व वेतन आहे आणि पैजांतून सरासरी १,००० पौंड सुटतात. घर ३,००० च्या बेताने चालते. तो साठ टक्क्यांचा विमा घेतो. आजारपणात हाती येतील १,२०० पौंड, कारण हिशेब केवळ वेतनाचा. अर्जात पैजांची रक्कम वेतन म्हणून दाखविली तर? २०१२ च्या कायद्यानुसार जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने खोटी माहिती दिल्यास कंपनीला करार रद्द करता येतो आणि भरलेले हप्तेही सहसा परत मिळत नाहीत. म्हणजे २,००० वरील हक्काचे संरक्षणही गेले.

नोकरी सोडून सर्वस्वी पैजांवर जगणाऱ्याची स्थिती याहून बिकट. वर्गणीवर आधारलेला सरकारी आजारभत्ता नोकरीतील वा व्यवसायातील राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीवरच मिळतो. तिसऱ्या वर्गाची ऐच्छिक वर्गणी निवृत्तिवेतनासाठी धरली जाते, ह्या भत्त्यासाठी नाही.

काही वाटा मात्र उरतात. पत्त्यांच्या स्पर्धेतील खेळाडूस पुरस्कर्त्याकडून मानधन मिळत असेल, तर ते करपात्र असते व मिळकत म्हणून मांडता येते. घर सांभाळणाऱ्या, मिळकत नसलेल्या व्यक्तीसही काही कंपन्या मर्यादित संरक्षण देतात. गंभीर आजाराच्या विम्यात एकरकमी पैसे मिळतात. तेथे बुडालेल्या मासिक कमाईचा हिशेब होत नाही, मात्र रक्कम फार मोठी मागितल्यास कंपनी तिचे कारण विचारते.

आपल्या आप्तांनी अर्ज भरण्यापूर्वी कंपनीस दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : मिळकत कशास म्हणता, आणि ती अर्जाच्या वेळची धरता की आजारापूर्वीच्या बारा महिन्यांची? ते उत्तर, वेतनचिठ्ठ्या आणि आकारणीच्या प्रती घरातील दुसऱ्या कोणास तरी ठाऊक असलेल्या जागी ठेवाव्यात. दावा करण्याची वेळ येते तेव्हा विमेदार बहुधा रुग्णालयात असतो.