आरशाच्या भिंतीसमोर

(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा इतर वक्ते घेतीलच. मी आज एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना घेऊन आम्ही श्रीलंकेला अभ्यास सहलीला गेलो होतो. तेथे एका विद्यार्थ्याने तो मला विचारला आणि त्या क्षणी मला त्याचे उत्तर देता आले नाही.

आम्ही सिगिरियाला होतो. सिगिरिया म्हणजे सिंहगिरी. नाव ऐकताच मुलांना सिंहगड आठवला आणि परका देश जरा जवळचा झाला. सपाट रानातून सरळ उभा राहिलेला सुमारे २०० मीटर उंचीचा तो कातळ. पाचव्या शतकात पित्याचा, धातुसेन राजाचा, वध करून गादीवर आलेल्या काश्यपाने त्यावर राजवाडा उभारला. इ. स. ४९५ मध्ये त्याचा भाऊ मोग्गल्लान भारतातून सैन्य घेऊन परतला आणि काश्यपाचे राज्य संपले. वर जाणारी वाट एके काळी विटांनी घडवलेल्या प्रचंड सिंहातून जात असे. आज त्याचे पंजे तेवढे उरले आहेत.

वाटेत कातळाच्या कुशीत ढगांतून प्रकटलेल्या, हाती फुले घेतलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. ती पाहताना अजिंठा आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या खालच्या बाजूला ती प्रसिद्ध आरशाची भिंत आहे. तिचा गिलावा इतका घोटलेला होता, की त्यात प्रतिबिंब दिसे असे सांगतात. राजवैभव संपल्यावर चित्रे पाहायला आलेल्या माणसांनी या भिंतीवर पद्ये कोरली. त्यांतील बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकांतली आहेत. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतली ६८५ पद्ये वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. लिहिणाऱ्यांत भिक्षू होते, सैनिक होते, स्त्रियाही होत्या. कुणी चित्रांतल्या सुंदरींची स्तुती केली, कुणी त्या बोलत नाहीत म्हणून तक्रार केली. हे सारे त्यांनी आपल्या सिंहली भाषेत लिहिले. त्या भाषेचा इतिहास अभ्यासताना आज याच ओळींचा आधार घेतला जातो.

मी मुलांना हे सारे रंगून सांगितले. परतीच्या वाटेवर आमचाच एक विद्यार्थी कर्कटकाच्या टोकाने एका जुन्या विटेवर आपले आद्याक्षर कोरताना मला दिसला. मी सर्वांसमक्ष त्याला कठोर शब्दांत बोलले. संध्याकाळी तो जवळ येऊन म्हणाला, "बाई, त्यांनी कोरले तो इतिहास आणि मी कोरले तो गुन्हा, असे का?"

मी त्याला कायदा सांगितला. १९६७ साली काही समाजकंटकांनी या चित्रांवर रंग फासला होता, हे सांगितले. २०१५ साली याच भिंतीवर नाव कोरणाऱ्या एका तरुणीला तुरुंगवासाची शिक्षा झाली होती आणि पुढे राष्ट्राध्यक्षांनी तिला माफी दिली, हेही सांगितले. त्याने मान डोलावली. पण हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

रात्री मला अजिंठ्याचे दहावे लेणे आठवले. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. त्यातून तो आला होता एवढेच समजते. त्याने काय पाहिले ते समजत नाही. सिगिरियाच्या त्या यात्रिकांनी मात्र पाहिलेले लिहून ठेवले. शिवाय त्यांच्यापुढे ओसाड राजवाड्याची भिंत होती. आपल्यापुढे दीड हजार वर्षे टिकलेली आणि पुन्हा घडवता न येणारी वस्तू आहे. हे ठाऊक झाल्यावर आपली जबाबदारी बदलते.

दुसऱ्या दिवशी दंबुल्लाच्या चित्रमय गुहांमध्ये मी मुलांना सांगितले, "अर्धा तास कॅमेरा बंद. एकच गोष्ट निवडा, नीट पाहा आणि वहीत मराठीत लिहा. खाली आपले नाव घाला." आदल्या दिवशी रागावून घेतलेल्या त्या मुलाने चित्र निवडले नाही. गुहेच्या छतातून ठिबकणारे पाणी साठवणाऱ्या पात्रावर त्याने पानभर लिहिले. त्याच्यावर चारचौघांत रागावल्याचे मला तेव्हा मनापासून वाईट वाटले.

त्या वह्या आजही आपल्या ग्रंथालयात आहेत. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शहरात मराठी शाळा कशासाठी, असे पालक मला विचारतात. पाहिलेले आणि वाटलेले आपल्या भाषेत नेमके मांडता यावे, यासाठी. सिगिरियाच्या भिंतीवर सामान्य माणसांनी तेच केले.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी अनेकांची नावे आमच्या जुन्या बाकांवर कोरलेली आहेत. त्याबद्दल आज कुणालाही शिक्षा नाही! मात्र ग्रंथालयात आम्ही एक कोरी वही ठेवली आहे. नुसते नाव लिहून जाऊ नका. या शाळेत आपण काय पाहिलेत, ते लिहा.