दुभाषी आणि किल्ली
(नभोवाणीवरील भाषण)

बेळगावात राहणाऱ्या माणसाला दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. एक मराठी बोलतो, दुसरा कानडी बोलतो, आणि मध्ये उभा असलेला तिसरा दोघांचेही काम पार पाडतो. संगणकाच्या पोटातही असाच एक दुभाषी असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या चिपेची भाषा निराळी आणि यंत्र चालविणाऱ्या प्रणालीची निराळी. मधला ड्रायव्हर नसेल, तर दोघेही मुके.

आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना लॅपटॉप दिला. त्यावर विंडोज १० होती. तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, आणि पुढची आवृत्ती पेलण्याइतके ते यंत्र नवे नव्हते. दुसरे घेण्यास शाळेपाशी पैसा नव्हता. तेव्हा, लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा जगापुढे ठेवला, त्या लिनक्सचा आश्रय घ्यावा असे मी ठरविले आणि उबंटू ही तिची आवृत्ती यंत्रावर चढविली.

यंत्र चालू केले, तो पडदा काळाठिक्कर! अशा वेळी यंत्र बिघडले असे समजू नये. प्रारंभीच्या यादीत ‘ई’ ही कळ दाबावी, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ एवढा शब्द लिहावा आणि ‘एफ-१०’ दाबावी. पडदा साधाच, पण उजळतो. ही सोय त्या एका वेळेपुरतीच असते. तेवढ्यात योग्य ड्रायव्हर बसवून घ्यावयाचा.

येथे माझ्या हातून चूक घडली. ड्रायव्हर बसविण्याआधी आपले नाव ‘व्हिडिओ’ नावाच्या गटात घालावे, असा सल्ला मी कोठेतरी वाचला होता. त्याची मुळी गरजच नव्हती. तरी मी ‘सूडो यूझरमॉड डॅश जी’ अशी आज्ञा देऊन मोकळा झालो. यंत्र पुन्हा सुरू केले आणि ड्रायव्हर बसवू गेलो, तर उत्तर आले की, तुमचे नाव अधिकार असलेल्यांच्या यादीत नाही! ज्या यंत्राचा मी एकटाच कारभारी, त्यानेच मला दाराबाहेर काढले.

शेजारी नववीतला एक मुलगा उभा होता. तो भीतभीतच म्हणाला, “सर, तुम्ही बेरीज करायच्या ऐवजी बदली केलीत.”

मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ‘जी’च्या आधी ‘ए’ हे अक्षर असले, तर नवा गट जुन्या गटांत मिळविला जातो. ते राहिले, तर जुने सारे जोड-गट पुसून नवा तेवढा उरतो. माझा ‘सूडो’ हा अधिकाराचा गट असाच पुसला गेला होता. एका अक्षराची ही किंमत!

उपाय होता. यंत्र सुरू होताना प्रगत पर्यायांतून ‘रिकव्हरी मोड’मध्ये गेलो, तेथे मूळ अधिकाऱ्याची, म्हणजे ‘रूट’ची पाटी उघडली, डिस्कवर लिहिण्याची मुभा घेतली आणि या वेळी ‘डॅश ए-जी सूडो’ असे लिहून माझे नाव परत घातले. मग ‘सूडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ एवढ्या आज्ञेने यंत्राने आपला दुभाषी स्वतःच निवडला. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यामुळे मध्येच एक परवलीचा शब्द मागितला गेला, आणि पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ निवडून तोच द्यावा लागला. ही पायरी घाईने ओलांडली, तर बसविलेला ड्रायव्हर कामाला लागतच नाही.

तुम्ही म्हणाल, मग सदासर्वदा ‘रूट’ म्हणूनच का वावरू नये? श्रोतेहो, ‘सूडो’ ही युक्ती १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी रचली, ती याच प्रश्नाच्या उत्तरासाठी. अधिकार कामापुरता घ्यावा आणि काम होताच खाली ठेवावा. घरची तिजोरी उघडी टाकून कोणी दिवसभर हिंडत नाही.

मात्र एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. रिकव्हरीच्या वाटेने आत शिरताना मला कोणीही परवलीचा शब्द विचारला नाही. म्हणजे ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती सत्ता. म्हणून तो लॅपटॉप आता रात्री कुलपात असतो. मुलांची खाती साधी आहेत, आणि अधिकाराची खाती एकाऐवजी दोन. एक माझे, दुसऱ्याचा परवलीचा शब्द मुख्याध्यापकांपाशी बंद पाकिटात आहे.

आज्ञा देण्यापूर्वी ती एकदा मोठ्याने वाचावी, हा नियमही आम्ही केला आहे. तो मोडला, तर टोकण्याचा अधिकार त्या नववीतल्या मुलाला दिला आहे. तो मात्र कामापुरता नव्हे, कायमचा.