एका वर्षाचे तीन चित्रपट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



ही १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. मी कॉलेजात होतो आणि आमच्या गावातल्या फिल्म सोसायटीचा सभासद होतो. एका रविवारी सकाळी ‘मॉन्टेरी पॉप’ हा अमेरिकन माहितीपट दाखवणार होते. पत्रकात पंडित रविशंकरांचं नाव दिसलं, म्हणून मी वडिलांनाही बरोबर नेलं. आमचे अण्णा सतारीचे शौकीन. रेडिओवर सतार लागली की घरात भांडं वाजलेलं त्यांना खपत नसे. रॉक म्हणजे मात्र त्यांच्या लेखी निव्वळ दंगा.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी गावी तीन दिवसांचा संगीत महोत्सव झाला. त्याचा हा चित्रपट डी. ए. पेनेबेकर यांनी केला आणि तो १९६८ साली प्रदर्शित झाला. पहिला तासभर अण्णा खुर्चीत चुळबुळत होते. मग जिमी हेंड्रिक्स आला. त्याने गिटार स्टेजवर आडवी ठेवली, तिच्यावर पेट्रोलसारखं काहीतरी शिंपडलं आणि काडी लावली. अण्णा उठलेच. म्हणाले, “वाद्य जाळतो म्हणजे काय? चल घरी.” मी त्यांचा हात धरून म्हटलं, “अण्णा, थांबा ना जरा. सतार अजून व्हायचीय.”

गंमत अशी, की त्या प्रसंगाने स्वतः रविशंकरही फार दुखावले होते. वाद्य ही पूजेची वस्तू, तिची अशी विटंबना त्यांना सहन झाली नाही, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. म्हणजे अण्णा आणि पंडितजी यांचं त्या बाबतीत एकमत होतं.

अण्णा बसले, आणि मग सतार सुरू झाली. पण पडद्यावर सतार दिसेचना! पहिली काही मिनिटं कॅमेरा नुसता माणसांमधून हिंडतो. कुणी डोळे मिटून बसलंय, कुणी गवतावर लवंडलंय, कुणाच्या मांडीवर मूल आहे. त्या गर्दीत आपल्याला हेंड्रिक्सही दिसतो, शांतपणे ऐकत बसलेला. त्यानंतर कुठे रविशंकर दिसतात, शेजारी तबल्यावर उस्ताद अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. सवाल-जवाब रंगतो, लय वाढत जाते आणि शेवटी सगळी गर्दी उठून उभी राहते. सुमारे ८० मिनिटांच्या चित्रपटातली शेवटची १८ मिनिटं सतार-तबल्याला दिलेली आहेत. मी शेजारी पाहिलं, तर अण्णांचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, “ऐकत होती रे पोरं.”

पुढे त्या महोत्सवाविषयी वाचताना एक गोष्ट कळली आणि मी चकित झालो. रविशंकरांची मैफल रविवारी दुपारी झाली होती, आणि हेंड्रिक्सने गिटार जाळली ती त्याच दिवशी रात्री. चित्रपटात क्रम उलटा आहे. पेनेबेकरांनी आग आधी दाखवली आणि सतार शेवटी. त्यामुळे प्रेक्षक घरी जातो तो सतारीचे सूर कानात घेऊन. प्रसंग सगळे खरे, पण त्यांतून मनात उरणारी आठवण संकलनाच्या टेबलावर घडवलेली. आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडं तंत्राविषयी सांगतो. पूर्वी चित्रीकरणात आवाज आणि चित्र यांचा मेळ राखायचा तर कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणयंत्र एकमेकांना वायरने बांधलेलं असे, आणि सरंजामही जड. १९६० च्या आसपास पेनेबेकर, रिचर्ड लीकॉक, अल्बर्ट मेझल्स या मंडळींनी खांद्यावर घेऊन हिंडता येईल असा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी वायरविना जुळून चालणारं टेप यंत्र वापरात आणलं. कॅमेरामन गर्दीत शिरू शकला, गायकाच्या पायाशी बसू शकला. बॉब डिलनच्या १९६५ च्या इंग्लंड दौऱ्यावर पेनेबेकरांनी केलेला ‘डोन्ट लुक बॅक’ याच पद्धतीचा. गाण्याइतकीच गाण्याच्या आजूबाजूची हवा टिपता येऊ लागली. पण कॅमेरा मोकळा झाला की तो कुठे वळवायचा, हा प्रश्नही आला.

आता १९६९ हे साल घेऊ. ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला. सुमारे चार लाख माणसं जमली. पाऊस, चिखल, अन्नाचा तुटवडा, अडलेले रस्ते. कुंपणं पुरी झाली नव्हती, त्यामुळे बहुतेक जण तिकिटाविनाच आत आले आणि आयोजक कर्जात बुडाले. मायकल वॅडली यांचा ‘वुडस्टॉक’ १९७० साली आला आणि तुफान चालला. सर्वोत्तम माहितीपटाचं ऑस्कर त्याला मिळालं. संकलकांमध्ये मार्टिन स्कॉर्सेसी आणि थेल्मा स्कूनमेकर होते. स्कॉर्सेसींचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. पडद्याचे दोन-तीन भाग करून एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला गर्दी दाखवण्याची त्यांची युक्ती पुढे कितीतरी जणांनी उचलली.

साठच्या दशकाचं नाव काढलं की जगभर जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे येतं, केसांत फुलं, चिखलात नाचणारी पोरं, शांतीचा संदेश, ते बरंचसं या चित्रपटाने दिलेलं आहे. पण त्यात काय आलं नाही, तेही पाहा. रविशंकर वुडस्टॉकलाही वाजवायला होते, शुक्रवारी रात्री, भर पावसात. तो अनुभव त्यांना मुळीच रुचला नाही. चिखलात बसलेला समुदाय पाहून आपल्याकडच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं ते पुढे म्हणाले. चित्रपटात मात्र त्यांची मैफल नाही. जॅनिस जॉपलिनचं गाणंही मूळ चित्रपटात नव्हतं, ते १९९४ च्या वाढीव आवृत्तीत आलं. मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे पंडितजी तिथे होते, हे आता कुणाला खरंही वाटणार नाही?” मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न साधा नव्हता.

या चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला माणूस गायक नाही. तो फिरती स्वच्छतागृहं साफ करणारा कामगार आहे. काम करता करता तो सांगतो, की माझा एक मुलगा इथे या गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये. दोन वाक्यांत अख्खी अमेरिका समोर येते. पण या माणसाने पुढे चित्रपटकर्त्यांवर खटला भरला. आपल्याला न विचारता आपलं असं दर्शन जगाला घडवलं, अशी त्याची तक्रार होती. आपण प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण ज्याच्याकडे कॅमेरा वळला त्याला काय वाटलं, हे आपण क्वचितच विचारतो.

वुडस्टॉकनंतर चार महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६९ रोजी, कॅलिफोर्नियात अल्टामॉन्टच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला. जागा अगदी आयत्या वेळी ठरलेली. स्टेज जेमतेम कमरेएवढं. स्टेजजवळ ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकल टोळीची माणसं रखवालीला उभी. मारामाऱ्या सुरूच होत्या. गाणं चालू असताना मेरेडिथ हंटर नावाचा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा स्टेजसमोर भोसकला गेला. त्याच्या हातात पिस्तूल होतं. हे सारं कॅमेऱ्यात आलं.

अल्बर्ट आणि डेव्हिड हे मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांनी त्यातून ‘गिम्मी शेल्टर’ केला. त्यात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. गायक मिक जॅगर आणि ड्रमवादक चार्ली वॉट्स यांना संकलनाच्या टेबलाशी बसवून तेच चित्रीकरण दाखवलं आणि त्यांचे चेहरे टिपले. फिल्म मागे घेतात, पुन्हा हळू चालवतात, थांबवतात. जॅगर पाहतो, फारसं बोलत नाही आणि उठून जातो. त्याचा थिजलेला चेहरा विसरता येत नाही. हेच चित्रीकरण पुढे न्यायालयात पुरावा म्हणून दाखवलं गेलं आणि आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर १९७१ साली निर्दोष सुटला. त्या मुलाविषयी चित्रपटातून आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. कॅमेऱ्याने त्याचा मृत्यू टिपला, त्याचं आयुष्य टिपलं नाही.

आणि आता तिसरा चित्रपट. त्याच १९६९ च्या उन्हाळ्यात वुडस्टॉकपासून साधारण दीडशे किलोमीटरवर, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका बागेत सहा रविवार संगीत महोत्सव झाला. स्टीव्ही वंडर, बी. बी. किंग, नीना सिमोन, महालिया जॅक्सन असे एकाहून एक कलावंत आले. सर्व रविवार मिळून सुमारे तीन लाख श्रोते. हाल टल्चिन नावाच्या दिग्दर्शकाने व्हिडिओ टेपवर सुमारे ४० तासांचं चित्रण केलं. दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून त्याने स्टेज पश्चिमेकडे तोंड करून बांधायला लावलं. दुपारभर सूर्यच दिवे धरून उभा! माणूस चंद्रावर उतरला तो २० जुलैचा दिवसही या महोत्सवातला एक रविवार. पत्रकार विचारतात, काय वाटतं? एक जण सांगतो, एवढ्या पैशात इथल्या भुकेल्यांची पोटं भरली असती.

त्यातला थोडा भाग त्या वर्षी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. पण संपूर्ण चित्रपट करायला टल्चिनला कुणी गिऱ्हाईक मिळेना. वुडस्टॉकचा बोलबाला झाल्यावर त्याने याला ‘ब्लॅक वुडस्टॉक’ म्हणून पाहिलं, तरीही नाही. टेपा जवळजवळ पन्नास वर्षं पडून राहिल्या. टल्चिन २०१७ साली वारला. क्वेस्टलव्ह या संगीतकाराने त्यातून ‘समर ऑफ सोल’ केला, तो २०२१ साली आला आणि २०२२ मध्ये त्यालाही ऑस्कर मिळालं. म्हणजे वुडस्टॉकला मिळालेलं ऑस्कर हार्लेमला मिळायला अर्धशतक लागलं. स्लाय अँड द फॅमिली स्टोन हा गायकवृंद तर एकाच उन्हाळ्यात दोन्हीकडे गायला होता. वुडस्टॉकमधलं त्यांचं गाणं दंतकथा झालं, आणि हार्लेममधलं टेपेच्या डब्यात राहिलं.

या चित्रपटात एक गृहस्थ आहेत. महोत्सवाच्या वेळी ते अगदी लहान होते. मोठेपणी त्यांनी कुणाला सांगितलं, तरी दाखवायला काही नव्हतं. शेवटी स्वतःलाच शंका येऊ लागली, की हे खरं घडलं होतं की आपल्या मनचं? पन्नास वर्षांनी त्यांना ते चित्रण दाखवतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. आपण वेडे नव्हतो, याची साक्ष त्यांना मिळाली.

हा चित्रपट मी घरी टीव्हीवर पाहिला, आणि तो संपल्यावर उठून कपाटातून एक व्हिडिओ कॅसेट काढली. १९९४ साली आमच्या गावातल्या संगीत मंडळात एक सतारीची मैफल झाली होती. मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून आणून मी तिचं चित्रण केलं होतं. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरे अण्णा होते. दोन तास मी कॅमेरा कलाकारावर रोखून धरला, हलू दिला नाही. त्या वेळी मला ते मोठं कौशल्य वाटलं होतं. कॅसेटला बुरशी लागली होती. एका जाणकाराने ती साफ करून संगणकावर उतरवून दिली. चित्र बऱ्यापैकी आलं. सतारीवरची बोटं स्पष्ट दिसतात. अण्णा कुठेही दिसत नाहीत. एके ठिकाणी फक्त त्यांची “क्या बात है!” ऐकू येते. १९९९ मध्ये ते गेले. त्यांचा ताल धरणारा हात टिपायला मला कॅमेरा फक्त थोडा वळवायचा होता. पेनेबेकरांचा चित्रपट मी त्यांच्याच शेजारी बसून पाहिला होता, तरी मला ते सुचलं नाही.

श्रोतेहो, मैफल गाणाऱ्याची जेवढी, तेवढीच ऐकणाऱ्याचीही असते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गणपतीतला कार्यक्रम असो, घरातलं गाणं असो, एकदा तरी तो मागे वळवा. ऐकणाऱ्यांचे चेहरे घ्या, त्यांना विचारून घ्या. आणि माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील, तर यंदाच्या पावसाळ्याआधी त्या खाली काढा. टेपेवरचा थर कुणासाठी थांबत नाही. हार्लेमच्या टेपा पन्नास वर्षं टिकल्या हे नशीब. आपल्या टिकतीलच असं नाही.