आवाजाला ओठांची साथ

डब केलेल्या चित्रपटात आवाज कितीही उत्तम असला, तरी नजर ओठांवर गेली की रसभंग होतो. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. कानावर ‘बाबा’ येतं आणि पडद्यावरचं तोंड मात्र उघडंच. हे लगेच खटकतं.

यावर हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘वेव्ह टू लिप’ ही प्रणाली मांडली. तिची युक्ती मला फार आवडते. चित्रातल्या चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग झाकायचा आणि नव्या भाषेतला आवाज देऊन तो संगणकाकडून पुन्हा रंगवून घ्यायचा. ते तपासायला वेगळा परीक्षक असतो, तोही संगणकीयच. आवाज आणि ओठ जुळतात का, एवढंच ओळखायला तो आधी शिकवलेला असतो. एका वेळी तो सलग पाच चौकटी पाहतो, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा! सराव इंग्रजी चित्रफितींवर झाला, तरी प्रणाली इतर भाषांनाही चालते, कारण ती शब्द नव्हे, ध्वनी पाहते. मात्र चेहरा लहान आकारात तयार होत असल्याने मोठ्या पडद्यावर दात पुसट दिसतात.

अनुवाद आणि आवाजातला भाव ही तिची कामंच नव्हेत. तिथे कसलेला अनुवादक आणि डबिंग कलाकारच हवा.

याच तंत्राने कुणाच्याही तोंडी न बोललेली वाक्यं घालता येतात. तेव्हा एखादी धक्कादायक चित्रफीत मोबाइलवर आली, तर केवळ ओठ जुळतात म्हणून विश्वास ठेवू नका. आधी खात्री करा, मगच पुढे पाठवा.