संगणकप्रणालीचा रतीब : धंद्यातील जोखीम आणि आपली सावधगिरी

(लवासा येथे मुळशी तालुक्यातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज आपण ज्या ठिकाणी जमलो आहोत, तेथील रहिवाशांना उद्योगातील जोखीम म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. वरसगाव जलाशयाच्या काठी, दासवे परिसरात, हे नगर उभे राहू लागले तेव्हा खर्च आधी झाला. उत्पन्न मागाहून यावयाचे होते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या आदेशाने काम थांबले. वर्षभराने अटींसह परवानगी मिळाली. परंतु कर्जावरील व्याज काही थांबले नव्हते. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले. घरासाठी पैसे भरलेल्या अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षांची प्रतीक्षा आली.

‘खर्च आज आणि उत्पन्न उद्या’ हेच सूत्र असलेल्या दुसऱ्या एका धंद्याविषयी मी आज बोलणार आहे. तो धंदा म्हणजे इंटरनेटद्वारे वर्गणीवर संगणकप्रणाली पुरविण्याचा.

रतीब आणि वर्गणी

पूर्वी कार्यालये प्रणाली एकदाच विकत घेत. आता ती दुधाच्या रतिबासारखी मिळते : महिन्याचे वा वर्षाचे पैसे भरावेत आणि वापरावी. या व्यवसायात आपल्या पुणे जिल्ह्याचे नाव मोठे आहे. माहितीच्या प्रती सुरक्षित राखणारी ‘द्रुवा’ ही कंपनी २००८ साली पुण्यात सुरू झाली. करारपत्रांची व्यवस्था पाहणारी ‘आयसर्टिस’ २००९ साली स्थापन झाली; तिचेही मोठे केंद्र पुण्यात आहे. या कंपन्यांचे ग्राहक जगभर पसरलेले आहेत.

जोखीम कोठे आहे?

रतीब घालणाऱ्या गवळ्याला गाय आधी विकत घ्यावी लागते, गोठा बांधावा लागतो. पैसा मात्र महिन्याकाठी येतो. तसेच येथेही आहे. ग्राहक मिळविण्याचा आणि प्रणाली घडविण्याचा खर्च आधी होतो. तो भरून निघण्यास त्या ग्राहकाने अनेक महिने, कधी अनेक वर्षे टिकावे लागते. तो मध्येच गेला तर कंपनीला तोटा येतो. नूतनीकरण हाच या धंद्याचा प्राण होय.

दुसरी जोखीम परावलंबनाची. बहुतेक कंपन्यांची स्वतःची संगणक केंद्रे नसतात. ‘द्रुवा’देखील ‘ॲमेझॉन’च्या केंद्रांवर आपली सेवा चालविते. मूळ केंद्र बंद पडले की त्यावर विसंबलेल्या सेवाही अडखळतात.

तिसरी जोखीम चुकीची. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकन कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले.

चौथी जोखीम कायद्याची व राजकारणाची. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परदेशातील निर्बंधांची झळही लागते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर ‘मायक्रोसॉफ्ट’ने ‘नायरा एनर्जी’ या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीची सेवा एकाएकी थांबविली. वर्गणी भरलेली असूनही कंपनीला स्वतःचीच माहिती पाहता येईना. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाली.

आपण काय करावे?

या जोखमी कंपनीच्या आहेत, त्यांचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. परंतु गवळ्याचा धंदा बसला तर दूध दुसरीकडून आणता येते. ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही किंवा शाळेतील मुलांचे गुणपत्रक दुसरीकडून आणता येत नाही. २०१३ साली ‘निर्वाणिक्स’ ही अमेरिकन साठवण कंपनी बुडाली, तेव्हा ग्राहकांना आपली माहिती हलविण्यासाठी प्रथम जेमतेम दोन आठवड्यांची मुदत देण्यात आली होती. आपल्या ग्रामसेवकाला तेवढ्या अवधीत हे काम जमेल काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या नोंदी आमच्या मालकीच्या राहतील ना? सेवा बंद झाल्यास त्या कोणत्या स्वरूपात व किती दिवसांत परत मिळतील? पुढील वर्षी शुल्क किती वाढू शकेल? तसेच महिन्यातून एकदा सर्व नोंदींची प्रत आपल्या कार्यालयात उतरवून घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. प्रत उघडत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

नव्या साधनांना भिऊन मागे राहावे, असे माझे म्हणणे नाही. कामाचा वेग आणि जनतेची सोय त्यांनी निश्चित वाढते. मात्र दप्तर हा गावाचा ठेवा आहे. तो दुसऱ्याच्या कोठारात ठेवावयाचा, तर किल्ली आपल्याजवळ असावी, एवढेच माझे सांगणे आहे.