मागचें चाक कां घसरतें?



वसईच्या किनाऱ्यावर, भुईगांवला म्हणा किंवा राजोडीला म्हणा, सुटीच्या सायंकाळीं एक दृश्य अधूनमधून पाहावयास मिळतें. मुंबईहून आलेली एखादी देखणी मोटार हौसेनें ओल्या, घट्ट वाळूवर उतरविलेली असते. परततांना तिचीं मागचीं चाकें कोरड्या, भुसभुशीत पट्ट्यांत सांपडतात. हांकणारा ॲक्सिलरेटरवर पाय जोरानें दाबतो. चाकें गरगर फिरतात, वाळूचें कारंजें उडतें, आणि गाडी पुढें जाण्याऐवजीं वीतभर खालीं जाते. दोनशें घोड्यांचें बळ त्या क्षणीं केवळ खड्डा खणण्याच्या कामीं आलेलें असतें.

आमच्या वाड्यांतून केळी आणि पानें वाहणाऱ्या बैलगाडीवर हा प्रसंग असा कधीं येत नसे. बैलगाडीचें चाक नुसतें मागोमाग जातें. जमिनीला रेटा देणारा पाय बैलाचा असतो. मोटारींत मात्र पायही चाकच आणि खूरही चाकच. शिवाय त्या खुराचा जमिनीवर टेकणारा भाग किती? चालत्या गाडीचें प्रत्येक टायर रस्त्याला सुमारें तळहाताएवढ्याच जागेंत शिवतें. गाडी पुढें ढकलणें, वळविणें आणि थांबविणें, हीं तिन्ही कामें या चार तळहातांवर चालतात.

शाळेंत आपण शिकलों कीं, घर्षण वजनावर अवलंबून असतें, क्षेत्रफळावर नाहीं. रबर हा नियम पुरता पाळीत नाहीं. रस्त्यावरील खडीच्या बारीक टोकांभोंवती तें दबतें, त्यांना कवळतें, आणि दबलेलें रबर पूर्ववत् होतांना कांहीं शक्ति गिळून टाकतें. शिवाय खडीच्या पृष्ठाला तें किंचित् चिकटतेंही. या दोहोंची मिळून जी होते तिला आपण पकड म्हणूं. कोरड्या डांबरावर ती चाकावरील भाराच्या सुमारें आठ-दशांश असते, ओल्या रस्त्यावर निम्म्यापर्यंत उतरते, आणि सुट्या वाळूवर त्याहूनही कमी.

ही पकड म्हणजे ठराविक रकमेची थैली आहे. पुढें रेटण्यांत जितकी खर्च करावी तितकी वळणावर धरून ठेवण्यास कमी उरते. चाक जरासें, म्हणजे शेंकडा दहा-पंधराच्या मानानें, घसरत असतांना पकड सर्वांत अधिक असते, ही गोष्ट ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. पण ती खरी आहे. त्यापुढें मात्र ती ढासळते. चाक जागच्या जागीं भिरभिरूं लागलें कीं थैली पुरती रिकामी झाली असें समजावें. मग बाजूला धरून ठेवण्यास कांहींच उरत नाहीं आणि गाडीची शेपटी आपल्या मनास येईल तिकडे जाते.

असें असतां वेगाच्या गाड्यांना मागच्या चाकांनींच कां रेटा द्यावा? गाडी जोरानें सुटली कीं तिचा भार मागें झुकतो. बसलेला माणूस पाठीला टेकतो तसाच. ज्या चाकांवर भार वाढला त्यांनाच काम दिलें, तर पकड अधिक मिळते, आणि पुढचीं चाकें वळविण्यास मोकळीं राहतात. पोर्शे ९११ या गाडीचें तर इंजिनच मागच्या आंसाच्याही मागें ठेवलेलें असतें. आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली पद्मिनीही मागच्या चाकांवरच धांवे. पण २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून निरोप घेतलेल्या त्या बिचारीच्या अंगीं चाकें भिरभिरविण्याइतकें बळ क्वचितच असावें!

आतां ज्याला बर्नआउट म्हणतात त्या प्रकाराकडे वळूं. पुढचीं चाकें ब्रेकनें जखडावयाचीं, मागचीं मोकळीं सोडून इंजिनाला पुरा जोर द्यावयाचा. गाडी जागीं उभी आणि मागें पांढऱ्या धुराचा डोंगर. हा धूर ज्वाळेचा नव्हे. घासून अतिशय तापलेल्या रबरांतील तेलें वाफ होऊन बाहेर पडतात त्याचा. पाव मैलाच्या सरळ शर्यतींत या कृतीला अर्थ आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धांवपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. तेथील खास टायरें मऊ, खांचा नसलेलीं, आणि तापल्यावरच चिकटणारीं असतात. सुटण्यापूर्वीं तीं ओलीं करून फिरविलीं कीं माती-कचरा झडतो, रबर ऊन होतें, आणि पट्टीवरही त्याचा थर बसतो. पूर्वीं अमेरिकेंत याकामीं पाण्याऐवजीं ब्लीच ओतीत. मी या शर्यतवाल्यांना वेडे म्हणणार नाहीं. त्यांचा धूर हिशेबी असतो.

पण तीच नक्कल गांवच्या नव्या, रुंद रस्त्यावर रात्रीं साध्या टायरांवर करणाऱ्या तरुणाला काय मिळतें? त्याचें टायर इतक्या उष्णतेसाठीं घडविलेलेंच नाहीं. पृष्ठभाग तेलकट होतो, निवल्यावर कडक होतो, आणि मिनिटभरांत कित्येक महिन्यांची झीज होऊन जाते. टायरच्या खांचा शोभेच्या नव्हेत. पाणी बाजूला सारण्याच्या त्या गटारी आहेत. मोटारीच्या टायरवर १.६ मिलिमीटर खोलीची खूण त्यासाठींच असते. तेथवर झिजलें कीं टायर बदलावें.

ज्यानें मे महिन्यांत चाकें जाळलीं तो जूनमध्यें अहमदाबादच्या महामार्गावर निघतो. पहिल्या सरींचें पाणी महिनोन्‌महिने साचलेल्या धुळींत आणि सांडलेल्या तेलांत मिसळून निसरडा लेप तयार होतो. मुसळधार झाली कीं खांचा नसलेलें चाक पाण्याच्या थरावर अक्षरशः तरंगतें. अशा वेळीं शेपटी सरकूं लागली तर घाबरून ब्रेक दाबूं नये. पाय हळूच उचलावा, आणि शेपटी ज्या बाजूस जाईल त्याच बाजूस सुकाणूचक्र बेतानें फिरवावें. हें सांगणें सोपें आहे. पण बाजूनें दुचाकीवर कोणी जात असेल, तर त्याला हा प्रयोग पाहावयाचा नसतो.

वाळू पकड हिरावते, पण ती पकड देऊंही शकते. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे आगगाडी सुरू झाली त्या वाफेच्या युगांत, ओल्या रुळावर इंजिनाचें पोलादी चाक घसरूं लागलें कीं ड्रायव्हर पेटींतली वाळू नळीनें चाकापुढें सोडी. आजच्या विजेच्या इंजिनांवरही वाळूच्या पेट्या असतात. रुळावरची चिमूटभर वाळू चाकाला आधार देते. किनाऱ्यावरचा ढीग त्याला गिळतो.

तेव्हां भुईगांवला गाडी रुतलीच, तर प्रथम ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. टायरांतील थोडी हवा सोडा, म्हणजे तळहात रुंदावेल. चाकापुढची वाळू हातानें उकरा, नारळाच्या झांवळ्या किंवा गोणपाट घाला, आणि दुसऱ्या गियरमध्यें अगदीं सावकाश निघा. भरतीची वेळ मात्र कोळ्यांना आधींच विचारून ठेवा; आणि पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हां भरून घेण्यास विसरूं नका.