शाहिरीचा सूर मवाळ झाला काय?



रागाने उभी राहिलेली गायकमंडळी पुढे गोड गाऊ लागली, की जाणते लोक नाक मुरडतात. धार गेली, म्हणतात. ही तक्रार देशोदेशी आहे. इंग्लंडात १९७६ च्या सुमारास तरुणांनी ‘पंक’ नावाचे कर्कश संगीत उभे केले. त्यामागून आलेल्या ‘जॉय डिव्हिजन’ या मंडळीचा गायक १९८० मध्ये वारला, आणि उरलेले ‘न्यू ऑर्डर’ या नावाने नाचता-गुणगुणता येईल असे वाजवू लागले. त्यांनाही हाच बोल लागला. पण तिकडचे तिकडे. आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या वेशीपलीकडच्या माणसाविषयी व त्याच्या सोबत्यांविषयी.

अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि बार्शीचे अमर शेख यांनी १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ काढले. गिरणीचा संप, सावकार, महायुद्ध हे त्यांचे विषय. अण्णा भाऊंनी १९४३ मध्येच स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता. पोवाड्याची घडण आपण जाणताच. डफावर थाप पडते, शाहीर चढ्या स्वरात उभा राहतो, थोड्याच सुरांत शब्द घाईने येतात, आणि झीलकरी ‘जी जी’ म्हणत त्याला उचलून धरतात. तेथे श्रोत्याने ऐकावयाचे व पेटावयाचे. गळा लावण्यास त्याला जागा नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंनी ‘माझी मैना’ ही छक्कड रचली. छक्कड हा तमाशाच्या फडातला प्रकार. लावणीची सख्खी बहीण. ढोलकीची लय डुलते, ध्रुपद फिरून फिरून येते आणि तिसऱ्या खेपेस मागच्या रांगेतली माणसेही ते उचलतात. गाण्याचा नायक कोणी सेनानी नाही. पोटासाठी मुंबई गाठणारा गडी, आणि गावी राहिलेली त्याची बायको. तिचे रूप, तिचा निरोप, तिच्या डोळ्यांतले पाणी यांतच गाणे कितीतरी रेंगाळते. शृंगार पाहून सोवळ्या मंडळींनी कपाळाला आठ्या घालाव्यात इतके रेंगाळते! पुढे कळते, की बेळगाव, कारवार, गोवा हेही त्या मैनेसारखेच मागे राहिले आहेत.

हे मवाळपण आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. राज्याची सीमा हा नकाशाचा प्रश्न. नकाशासाठी सामान्य माणूस रडत नाही. ताटातूट मात्र त्याला ठाऊक असते. अण्णा भाऊ स्वतः लहानपणी वाटेगावाहून मुंबईला पायी गेले होते. आपल्या जिल्ह्यात तर दुष्काळाच्या साली कोणत्या गावातून माणसे पुण्या-मुंबईस किंवा उसाच्या तोडीला गेली नाहीत? अशा घरातल्या बाईला स्टालिनग्राड दूरचे. मैना तिची तीच.

आणि ही रीत आपल्याला नवी नाही. तुळजापूरच्या आईचा गोंधळ ज्यांनी रात्रभर ऐकला आहे त्यांनी आठवावे. आरंभी संबळ कडाडते, देवदेवतांना हाका जातात. पुढे आख्यान रंगले, की तोच गोंधळी आवाज उतरवून घरगुती बोलीत कथा सांगतो. तेव्हा त्याची भक्ती कमी झाली, असे कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावयास हवी. गोड चाल धोक्याचीही असते. आज ‘माझी मैना’ करमणुकीच्या कार्यक्रमांत गायिली जाते, आणि काही ठिकाणी रूपवर्णन संपले की गाणेही संपवतात. टाळ्या पडतात, मैना छान वाटते, बेळगावचे नाव निघतच नाही. हा दोष चालीचा नव्हे, कात्रीचा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिली. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले आणि अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. सीमाभागात ते गाणे अजून शेवटच्या कडव्यापर्यंत गातात.